पिल्लं मरायला लागली तर औषधाआधी हे बघा: मत्स्यबीजातले रोग आणि परजीवी ओळखण्याची सुरुवात

पावसाळ्यात नर्सरी तळ्यात कटला, रोहू, मृगळचं बीज सोडलं, पंधरवडा बरा गेला आणि एके सकाळी काठाला पिल्लं उलटी पडलेली दिसली, की बहुतेक नवखे शेतकरी पहिला फोन औषधाच्या दुकानाला लावतात. तिकडून दोन प्रश्न येतात आणि एक बाटली येते. ती लागू पडली तर ठीक, नाहीतर दुसरी आणायची. तोवर तळं रिकामं होत आलेलं असतं.

मोठ्या माशाला आजार झाला तर तो चार दिवस तग धरतो. दोन इंचांच्या पिल्लाला तेवढी सवड नसते. त्याचे कल्ले परजीवींनी भरले, की खाणं सुटतं आणि दोन-तीन दिवसांत ते मरतं. म्हणून निदानाचा पहिला भाग तरी तुमच्या बांधावरच झाला पाहिजे, आणि तो होऊ शकतो. शाळेच्या प्रयोगशाळेत असतो तसला साधा सूक्ष्मदर्शक, पाणी तपासायचा किट, बारीक कात्री, चिमटा, काचपट्ट्या आणि एक वही एवढं सामान पुरतं. पुढे जे लिहिलंय ते गोड्या पाण्यातल्या कार्प बीजाला धरून आहे. तिलापिया किंवा पंगस वाढवणाऱ्यांनाही यातलं बरंच कामी येईल.

पिल्लाचं वय आधी लक्षात घ्या, कारण दुखणी वयाप्रमाणे बदलतात. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच बाहेर आलेली पिल्लं, ६ ते ८ मिलिमीटरचे असतात. त्यांना रोगापेक्षा पाणकिडे, प्राणवायूची टंचाई आणि उपासमार जास्त मारतात. बीज साधारण २५ मिलिमीटरचं झालं, की अंगावरचे एकपेशीय परजीवी, त्यातही ट्रायकोडिना, डोकं वर काढतात. बोटुकलीच्या, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाच्या, आकाराला कल्ल्यांतले चपटे कृमी, अंगावरची ऊ आणि जिवाणूंचे रोग हजर होतात.

पहिली पायरी: मरतुकीची चाल

मेलेली पिल्लं किती, हे सगळे मोजतात. ती कधी आणि कशी मेली, हे फार थोडे लोक लिहून ठेवतात. निदानाचा सगळ्यात स्वस्त पुरावा हाच.

काल संध्याकाळी सगळं ठीक होतं आणि पहाटे एकदम शेकड्यांनी मेली, तर रोग नाही. प्राणवायू संपला किंवा पाण्यात काहीतरी विषारी आलं. शेजारच्या कपाशीवर किंवा भाजीवर फवारणी झाली होती का आणि त्यानंतर पाऊस पडला का, हे त्याच वेळी विचारा. प्राणवायू संपला असेल तर मोठी पिल्लं आधी जातात, मेलेल्यांची तोंडं उघडी असतात आणि उरलेली पृष्ठभागावर तोंड काढून हवा घोटत असतात. विषात लहानमोठं असा भेद राहत नाही. बेडूकमासे, गोगलगायी, पाणकिडेही मेलेले सापडतात.

बीज सोडल्यापासून एक-दोन दिवसांतच मरतुक झाली असेल तर वाहतुकीकडे बघा. आपल्याकडे बरंच बीज पश्चिम बंगालमधून, नैहाटीच्या बाजूने, पिशव्यांत भरून लांबचा प्रवास करून येतं. पिशवी तळ्यात तरंगत न ठेवता थेट ओतली तर तापमानाच्या धक्क्याने पिल्लं मरतात, आणि लोक तळ्याला रोग लागला म्हणतात.

आज पाच, उद्या बारा, परवा चाळीस असा आकडा चढत असेल तर संसर्गाचा संशय धरा. रोज थोडी-थोडी, आठवडाभर एकाच चालीने जात असतील आणि उरलेली हडकत असतील, तर परजीवी किंवा उपासमार.

जिरे मात्र अनेकदा मेलेले सापडतच नाहीत, नुसते कमी होत जातात. तिथे सूक्ष्मदर्शक लावायच्या आधी बारीक जाळीचा एक फेरा मारा. पाठीवर उलटे पोहणारे पाणकिडे आणि चतुराच्या अळ्या ओंजळभर निघाल्या तर चोर सापडला. साबण आणि खाद्यतेलाच्या मिश्रणाचा उपाय जुना आणि चांगला आहे: हेक्टरी १८ किलो साबण आणि ५६ किलो तेल, पण तो बीज सोडायच्या आदल्या दिवशी, वारा पडलेला असताना करायचा. बीज सोडल्यावर सुचून उपयोग नाही.

दुसरी पायरी: पाणी, आणि तेही दोन वेळा

प्राणवायू सूर्योदयाच्या आधी मोजायचा, कारण रात्रभर शेवाळ आणि मासे दोघंही तो खात असतात आणि पहाटे तो सगळ्यात कमी असतो. दुपारी बारा वाजता मोजलेला आकडा छानच येणार. पहाटे लिटरला ५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर निश्चिंत राहा. ३ च्या खाली गेला तर पिल्लं ताणात आहेत आणि पुढे सापडणारा कुठलाही परजीवी त्या ताणावर पोसलेला असू शकतो.

सामू, म्हणजे पीएच, मात्र दुपारी तीन-चारला बघा. हिरव्यागार पाण्यात तो दुपारी ९ च्या वर जातो आणि अमोनियाचं विष तिथेच वाढतं. किट जो आकडा दाखवतो तो एकूण अमोनियाचा असतो. त्यातला विषारी भाग किती, हे सामूवर ठरतं. २५ अंश तापमानाला सामू ७ असेल तर एकूण अमोनियाच्या अर्धा टक्क्याहून थोडाच जास्त भाग विषारी असतो, ८ ला सुमारे ५ टक्के आणि ९ ला सुमारे ३६ टक्के. म्हणजे किटवर लिटरला १ मिलिग्रॅम दिसलं तरी सकाळी ते पाणी चालण्यासारखं असतं आणि त्याच दिवशी दुपारी पिल्लांचे कल्ले जाळत असतं. पॉलिथिन अस्तराच्या शेततळ्यात हे फार होतं. तिथे मातीचा आधार नसतो आणि खाद्याचा सगळा गाळ पाण्यातच राहतो.

कल्ले तांबडेलाल असायला हवेत. ते चॉकलेटी दिसले तर नायट्राइट मोजा. नायट्राइट रक्तात शिरलं, की रक्त प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. पाण्यात प्राणवायू भरपूर असूनही पिल्लं गुदमरल्यासारखी करतात. इथे साधं मीठ उपयोगी पडतं, कारण मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत येऊ देत नाही.

विहिरीचं किंवा बोअरचं पाणी थेट टाकीत सोडत असाल तर आणखी एक गोष्ट. खोलवरच्या पाण्यात वायू जास्त विरघळलेले असू शकतात. ते पिल्लाच्या शरीरात बुडबुड्यांच्या रूपाने बाहेर पडतात. परांत, डोळ्याभोवती, पोटात बारीक चमकदार बुडबुडे दिसतात आणि पिल्लू वर तरंगत राहतं. यावर औषध नाही. पाणी उंचावरून शिंपडत आणा किंवा एक दिवस उघड्या टाकीत हलतं ठेवा.

पाण्यात दोष सापडला तर तो आधी दुरुस्त करा. पाणी बिघडलेलं असताना टाकलेलं औषध पिल्लांना दुहेरी मारतं.

तिसरी पायरी: काठावर पंधरा मिनिटं

खाद्य टाकायच्या वेळी काठावर शांत उभे राहा. निरोगी बीज खाद्याकडे झुंडीने येतं. आजारी पिल्लं झुंडीपासून सुटतात, काठाला किंवा पाणी आत येतं तिथे गोळा होतात, काळपट पडतात. खवल्यावर खाज उठली, की ती अंग तिरपं करून तळाला किंवा हाप्याच्या, म्हणजे पाण्यात बांधलेल्या जाळीच्या पिंजऱ्याच्या, कडेला घासतात आणि क्षणभर पोटाची चांदी चमकते. ही चमक दोन-तीनदा दिसली तर अंगावर परजीवी असण्याची शक्यता फार मोठी आहे. कल्ल्यांचं झाकण एका बाजूने सतत उघडं असेल तर कल्ल्यांत काहीतरी आहे. डोकं मोठं आणि अंग बारीक झालेलं पिल्लू उपाशी तरी असतं नाहीतर फार दिवसांपासून आजारी.

चौथी पायरी: कोणतं पिल्लू उचलायचं

मेलेलं नाही. हे ठासून सांगावंसं वाटतं, कारण प्रयोगशाळेत बाटलीत घालून मेलेलं, फुगलेलं पिल्लूच बहुतेक वेळा पोचतं. मासा मेला, की ट्रायकोडिनासारखे परजीवी काही वेळातच अंग सोडून दुसरा यजमान शोधायला जातात. त्यांच्या जागी सडकं खाणारे जीव आणि जिवाणू येतात. तुम्हाला स्लाइडवर वळवळ दिसते, पण ती खुनी नव्हे.

आजारी पण जिवंत अशी पाच-सहा पिल्लं घ्या आणि बरी दिसणारी दोन-तीन. ती तळ्याच्याच पाण्यात, वेगळ्या बादलीत. बरी पिल्लं घ्यायची ती तुलनेसाठी. एखाद-दुसरा परजीवी जवळपास प्रत्येक तळ्यातल्या माशावर असतो. आजारी पिल्लावर पन्नास आणि बऱ्यावर दोन, असा फरक दिसला तरच त्या परजीवीवर बोट ठेवता येतं.

पाचवी पायरी: स्लाइड

सगळं सामान तळ्याजवळ, सावलीत मांडा. पिल्लू हातात घेतल्यापासून नजर सूक्ष्मदर्शकात जाईपर्यंत पाच मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत. काचपट्टीवर थेंब टाकायचा तो तळ्याच्या पाण्याचा. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि तुम्ही जे शोधताय तेच ते मारून टाकतं.

आधी अंगाचा खरवडा. पिल्लू ओल्या हातात धरा. पातळ आच्छादक काचेची कड कल्ल्याच्या मागून शेपटीकडे हलक्या हाताने एकदा ओढा. छातीच्या परामागची जागा आणि शेपटीचं मूळ सोडू नका, परजीवी तिथे जास्त दडतात. काचेवर आलेला बुळबुळीत थर थेंबात मिसळा आणि तीच काच तिरपी टेकवून हळूच खाली सोडा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. खवल्यांचा ढीग आला तर दाब जास्त झाला. पुन्हा करा.

मग शेपटीच्या परांचं टोक कापून दुसऱ्या काचपट्टीवर ठेवा.

कल्ल्यांसाठी पिल्लाचा जीव घ्यावा लागतो. डोक्यामागे कणा एका झटक्यात कापा, तडफडत ठेवू नका. कल्ल्याचं झाकण कात्रीने काढलं, की आत तांबड्या कंगव्यांच्या चार कमानी एकावर एक दिसतात. एक कमान दोन्ही टोकांना कापून काढा, हाडाचा भाग टाका, फक्त तांबडे तंतू थेंबात ठेवा आणि सुईने विलग करा. जाड गोळा ठेवलात तर काळा डाग सोडून काही दिसणार नाही. मत्स्यजिऱ्यांसाठी यातलं काही लागत नाही. जिरा आरपार दिसतो, म्हणून अख्खाच दोन थेंबांत ठेवा. ४० पटीवर त्याचं धडधडणारं हृदय, आतड्यातलं खाद्य आणि अंगावरचं जे काही असेल ते एकाच दृश्यात दिसतं. आतडं रिकामं असेल तर उपासमारीचं उत्तरही तिथेच मिळतं.

सूक्ष्मदर्शकाचा दिवा मंद करा आणि खालची उजेड कमी-जास्त करणारी झडप जवळजवळ मिटा. नवखे लोक भगभगीत उजेड ठेवतात आणि काही दिसत नाही म्हणतात. रंग न दिलेले जीव पारदर्शक असतात, कमी उजेडातच त्यांच्या कडा उठून दिसतात. आधी ४० पट, मग १०० आणि गरज पडली तर ४००. पहिल्या नजरेत हलतं ते शोधा.

सहावी पायरी: काय दिसतंय ते ओळखणं

आधी परजीवी नसलेल्या गोष्टी ओळखून बाजूला करा. जाड काळ्या कडेचे गोल म्हणजे हवेचे बुडबुडे. अंडाकृती, मध्ये केंद्रक असलेले असंख्य बारीक कण म्हणजे माशाच्या रक्ताच्या तांबड्या पेशी. माणसाच्या तांबड्या पेशीत केंद्रक नसतं, माशाच्या पेशीत असतं. या पेशी लांबीला साधारण १० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात, तेव्हा इतर गोष्टींचा आकार मोजायला त्याच वापरा.

ट्रायकोडिना एकदा पाहिला की विसरत नाही. वरून बघितला तर गोल, आणि आत दातेरी कड्यांचं वर्तुळ. ४० ते १०० मायक्रॉनचा, म्हणजे रक्तपेशीच्या चार ते दहा पट. तो जागच्या जागी गरगर फिरतो, मध्येच कडेवर उभा राहून घंटेसारखा दिसतो आणि सरसर सरकत दृश्याबाहेर जातो. दातेरी कडं नीट दिसलं नाही तर उजेड आणखी कमी करा. नर्सरीत पिल्लांची दाटी झाली, पाण्यात सेंद्रिय गाळ वाढला, की तो हमखास येतो. १०० पटीच्या दृश्यात एखादा फिरताना दिसला तर मी औषध टाकत नाही, दाटी कमी करतो आणि पाणी बदलतो. प्रत्येक दृश्यात दहा-वीस फिरत असतील आणि पिल्लं घासत असतील तर उपाय करायलाच हवा.

पानासारखा किंवा हृदयाच्या आकाराचा, अंगावर केसांच्या रांगा असलेला आणि संथ घसरत जाणारा दिसला तर चिलोडोनेला. ४०० पटीवर रक्तपेशीएवढाच, थरथरत भिरभिरणारा अगदी बारीक जीव दिसला तर इक्थिओबोडो. हा नुसत्या हालचालीवरूनच सापडतो. स्थिर झाला की नजर त्याच्यावरून निसटते.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग थंडीत जास्त दिसतो. अंगावर आणि परांवर मिठाच्या कणाएवढे पांढरे दाणे येतात. एक दाणा खरवडून बघा: मोठा, काळसर, सगळ्या अंगावर केस असलेला जीव सावकाश लोळतो आणि आत घोड्याच्या नालेच्या आकाराचं केंद्रक दिसतं. हा इक्थिओफ्थिरियस. याच्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण इथे औषधापेक्षा वेळ महत्त्वाची. दाण्यात असताना तो माशाच्या त्वचेखाली असतो, पाण्यातलं औषध त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ झाली की तो मासा सोडतो, तळाला जाऊन स्वतःभोवती कवच करतो आणि आतल्या आत विभागून शेकडो पिल्लं तयार करतो. ती बाहेर पडून पोहत मासा शोधतात आणि दोनेक दिवसांत सापडला नाही तर मरतात. औषध लागू पडतं ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांवर. २५ अंशांच्या आसपास हे सगळं चक्र आठवडाभराच्या आतच फिरतं, थंड पाण्यात ते महिनाभरही लांबतं. म्हणून एकदा औषध टाकून दाणे गेले नाहीत तर औषध खोटं ठरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी पुन्हा द्यावं लागतं, आणि तेही शेवटचा दाणा गेल्यानंतर थोडे दिवस.

कल्ल्यांच्या तंतूंमध्ये आखडत-लांबत हलणारे चपटे कृमी दिसले तर डोक्याकडे बघा. चार काळे ठिपके, म्हणजे डोळे, असतील तर डॅक्टिलोगायरस. डोळे नसतील आणि पोटात अजून न जन्मलेल्या दुसऱ्या कृमीचे हुक दिसत असतील तर गायरोडॅक्टायलस. तो बहुधा अंगावर आणि परांवर सापडतो आणि पिल्लांनाच जन्म देतो. हा भेद नुसता अभ्यासाचा नाही. डॅक्टिलोगायरस अंडी घालतो आणि अंड्यांवर औषध चालत नाही. अंडी फुटल्यावर पुन्हा उपाय करावा लागतो. गायरोडॅक्टायलस अंडी घालत नाही, त्यामुळे तो एका चांगल्या उपायाने आटोक्यात येऊ शकतो. कटल्याच्या कल्ल्यांत डॅक्टिलोगायरस विशेष करून बघा.

कल्ल्यांवर पांढऱ्या, हालचाल नसलेल्या गाठी असतील तर एक गाठ काचपट्टीवर फोडा आणि ४०० पटीवर बघा. हजारो एकसारखे बीजाणू पसरतात आणि प्रत्येकाच्या एका टोकाला दोन थेंबांसारख्या कुप्या दिसतात. हे मिक्सोबोलससारखे परजीवी. यांच्यावर खात्रीचा उपाय नाही. जो कोणी बाटलीने बरं करून देतो म्हणेल त्याला तुमचे पैसे देऊ नका. ही पिल्लं दुसऱ्या तळ्यात हलवू नका, मेलेली रोज उचला आणि हंगाम संपला की तळं पूर्ण वाळवून चुना टाका.

डोळ्यांनी दिसणारे पाहुणे

माशाची ऊ, म्हणजे अर्ग्युलस, चपटी, गोल, हिरवट-पारदर्शक असते आणि दोन मोठ्या चूषकांनी अंगाला चिकटते. बोटाने ढकलली तर अंगावरून भरभर पळते. रोहूवर ती जास्त सापडते. मादी अंडी माशावर घालत नाही, पाण्यातल्या दगडांवर, काठ्यांवर रांगांनी चिकटवते. याचा फायदा घ्या. तळ्यात बांबू किंवा फळ्या उभ्या सोडा, दर काही दिवसांनी काढून कडक उन्हात वाळवा आणि पुन्हा सोडा. औषधाशिवाय ऊ कमी करण्याचा हा खरोखर चालणारा मार्ग आहे.

लर्निया हा नांगराच्या आकाराच्या डोक्याने मांसात रुतलेला असतो. बाहेर दिसतो तो बारीक काडीसारखा भाग आणि त्याच्या टोकाला अंड्यांच्या दोन पिशव्या. मुळाशी जखम लाल होते आणि तिथून जिवाणू शिरतात. औषध त्याच्या पाण्यातल्या अळ्यांना मारतं, रुतलेल्या मादीला सहसा नाही. या दोन्हींवर बाजारात मिळणारी बरीच औषधं कीटकनाशकांच्या जातीची आहेत. ती पिल्लांचं अन्न असलेले सूक्ष्मप्राणीही मारतात आणि कोळंबी असेल तर तीही. मत्स्य अधिकाऱ्याच्या सल्ल्याशिवाय ती टाकू नका.

जखमेवर कापसासारखे धागे दिसले तर सॅप्रोलेग्निया ही पाणबुरशी. ती बहुधा आधीच्या जखमेवर बसते, तेव्हा जखम कशाने झाली ते शोधा: जाळं, पक्षी, ऊ की थंडी.

स्लाइडवर काहीच सापडलं नाही तर

तर जिवाणू किंवा विषाणू. पाठीवर खोगिरासारखा फिकट पट्टा, तोंडाच्या कडा पांढऱ्या-पिवळ्या, कल्ले टोकाकडून कुजलेले अशी खूण असेल तर कॉलमनॅरिसचा संशय घ्या. त्या जागेचा खरवडा ४०० पटीवर बघितला तर लांब, बारीक काड्यांसारखे जिवाणू घसरत एकत्र येऊन ढीग करतात. पोट पाण्याने फुगलेलं, खवले उभारलेले आणि परांच्या मुळाशी रक्त असेल तर एरोमोनासचा जलोदर. दोन्हींत परस्पर प्रतिजैविक खाद्यात मिसळू नका. कुठलं लागू पडेल हे प्रयोगशाळेतली संवेदनशीलता चाचणीच सांगते. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाची औषधं तर मत्स्यपालनात वापरायलाच बंदी आहे. मॅलाकाइट ग्रीनही नको. ते मांसात राहतं आणि खाणाऱ्याच्या तब्येतीला धोका आहे.

थंडीत अंगावर खोल, लालभडक व्रण दिसले तर एपिझूटिक अल्सरेटिव्ह सिंड्रोम, म्हणजे इयूएस, मनात आणा. हा रोग ॲफॅनोमायसिस या पाणबुरशीमुळे होतो. १९८८ मध्ये तो ईशान्य भारतातून देशात पसरला आणि हजारो तळ्यांचं नुकसान करून गेला. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्यसंवर्धन संस्थेने, म्हणजे सिफाने, त्यावर सिफॅक्स हे औषध तयार केलं. एक मीटर खोलीच्या हेक्टरभर पाण्याला १ लिटर हे त्याचं प्रमाण. थंडीआधी तळ्याला चुना दिला तर त्याचं येणं बरंच टळतं.

तिलापियातला तिलापिया लेक विषाणू किंवा कुठलाही विषाणू साध्या सूक्ष्मदर्शकाने दिसत नाही. तिथे पीसीआर, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी प्रयोगशाळेतली चाचणीच लागते.

प्रयोगशाळेत काय आणि कसं पाठवायचं

सर्वांत उत्तम म्हणजे आठ-दहा आजारी जिवंत पिल्लं, तळ्याचं पाणी आणि प्राणवायू भरलेल्या पिशवीत. पाण्याची वेगळी बाटली काठोकाठ भरून. जिवंत नेता येत नसेल तर नुकतीच मेलेली बर्फात ठेवून, गोठवून नव्हे. गोठवलं की ऊतींचं मातेरं होतं. पीसीआरसाठी कल्ल्यांचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. सोबत तुमच्या वहीचं पान: बीज कुठून आलं, कधी सोडलं, किती दाटी, रोजची मरतुक, पहाटेचा प्राणवायू, दुपारचा सामू, कुठलं औषध आधीच टाकलं. शेवटचं लपवू नका. तपासणाऱ्याला त्याची सर्वांत जास्त गरज असते.

महाराष्ट्रात वर्सोव्याची केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्था, रत्नागिरीच्या शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, नागपूर आणि उदगीरची मत्स्य विज्ञान महाविद्यालयं इथे माहितीची माणसं आहेत. जाण्याआधी फोन करा. जिल्ह्याच्या मत्स्य विभागालाही कळवा. लखनऊच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या समन्वयाने २०१३ पासून जलचरांच्या रोगांवर देशभर पाळत ठेवली जाते. २०२३ मध्ये आलेल्या 'रिपोर्ट फिश डिसीज' या मोबाइल ॲपवरून शेतकऱ्यालाही रोगाची खबर देता येते. सूक्ष्मदर्शकाच्या भिंगाला मोबाइल लावून काढलेला वीस सेकंदांचा व्हिडिओ तज्ज्ञाला फोटोपेक्षा कितीतरी जास्त सांगतो, कारण परजीवी चालीवरून ओळखले जातात.

औषध मोजताना

निदान पक्कं झालं, की पाणी मोजा. लांबी, रुंदी आणि सरासरी खोली मीटरमध्ये गुणा. २० मीटर लांब, १० मीटर रुंद, १.२ मीटर खोल म्हणजे २४० घनमीटर. एका घनमीटरला १ ग्रॅम म्हणजे लिटरला १ मिलिग्रॅम. तेव्हा लिटरला २ मिलिग्रॅम पोटॅशियम परमँगनेट द्यायचं तर ४८० ग्रॅम. शेततळ्याच्या बाजू उतरत्या असतात, त्यामुळे वरचं माप धरलं तर औषध जास्त पडतं. अर्ध्या खोलीवरची लांबी-रुंदी धरा. परमँगनेटचा जांभळा रंग थोड्याच वेळात तपकिरी झाला तर ते गाळातच खर्च झालं, परजीवींपर्यंत पोचलं नाही.

फॉर्मलिन तळ्यात लिटरला १५ ते २५ मिलिग्रॅम वापरतात, पण ते पाण्यातला प्राणवायू खातं. ५ मिलिग्रॅम फॉर्मलिन साधारण १ मिलिग्रॅम प्राणवायू घेऊन जातं. एरेटर, म्हणजे पाण्यात हवा मिसळणारं यंत्र, नसेल तर हात लावू नका. बाटलीच्या तळाला पांढरा साका बसला असेल तर ती बाटली टाकून द्या, तो साका माशांना फार विषारी असतो. फॉर्मलिन आणि परमँगनेट कधीही एकत्र करू नका.

अंगावरच्या एकपेशीय परजीवींना बोटुकली पकडलेली असताना मिठाच्या पाण्याची डुबकी सोपी: लिटरला २० ग्रॅम मीठ, दोन ते पाच मिनिटं, सतत नजर ठेवून. आधी दहा पिल्लांवर करून बघा. पिल्लू कलंडायला लागलं की लगेच बाहेर. उन्हात आणि खाद्य दिल्यानंतर लगेच कुठलाही उपाय नको. मेलेली पिल्लं कालव्यात किंवा काठाच्या झुडपात न टाकता खड्ड्यात चुना टाकून पुरा, आणि त्या तळ्याचं जाळं वाळवल्याशिवाय दुसऱ्या तळ्यात नेऊ नका.

उपायानंतर तिसऱ्या दिवशी पुन्हा पाच पिल्लांची स्लाइड करा आणि आधीच्याच पटीवर, आधीसारखेच परजीवी मोजून वहीत शेजारी लिहा. डॅक्टिलोगायरस होता तर आठवड्याने आणखी एकदा, कारण तोवर उरलेली अंडी फुटलेली असतात. त्या दिवशीही कल्ले स्वच्छ निघाले तरच विरळणी करून बोटुकली पुढच्या तळ्यात हलवा.